बाळंतिणींच्या खोलीतला थर्मोस्टॅट

आमचं गाव साताऱ्याकडं आहे, पण ते मी लग्नाला नाहीतर मयतीलाच बघितलं, जन्मले ती मुंबईत घोडपदेवच्या चाळीत आणि वाढले तीपण तिथंच. दादा म्हणजे माझे वडील, मिलमध्ये होते, पण मागावर नाही हां, ह्युमिडिफिकेशनला. ते खातं लोकांना माहीतच नसतं. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून खात्यातल्या हवेत दमटपणा सोडायचा, तो किती सोडायचा ते बघणारा माणूस म्हणजे दादा. घरी आले की दारातच नाक वर करून म्हणायचे, आज हवा जड आहे. आई म्हणायची, हवा नाही, तुमचं नाक जड आहे, हातपाय धुवा आणि जेवायला बसा. मिल बंद पडली, पण मला आयटीआयला घालायचं सोडलं नाही त्यांनी. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकला घातलं. शेजारचे म्हणायचे, मुलीला पान्हे-पकडी कशाला शिकवता? दादा म्हणायचे, तिला हवा कळते.

आता मला हवा कळते का? अजिबात नाही. पण मोजता येते. मोठमोठ्या इमारतींच्या एसीचा कंट्रोल बसवायचा आणि सांभाळायचा, हे माझं काम, इतकी वर्षं तेच करतेय. शिडी घेऊन आलेली बाई बघितली की लोक विचारायचे, मेकॅनिक कुठाय? मी म्हणायची, खाली गाडीत झोपलाय, उठवू का? तापट आहे मी, आधीच सांगून ठेवते, उगाच नंतर म्हणाल ही बाई अशी काय बोलते.

तर थर्मोस्टॅट. घरातला साधा असतो तो एकतर चालू नाहीतर बंद. आम्ही बसवतो तो प्रपोर्शनल. म्हणजे खोली थोडी तापली तर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह थोडा उघडणार, जास्त तापली तर जास्त. समजूतदार असतो बघा तो, पण भोळा. त्याच्या अंगाला जी हवा लागेल तीच खरी मानतो, बाकी खोलीत काय चाललंय त्याला कळत नाही. म्हणून जागा बघून बसवायचा. आतल्या भिंतीला, ऊन नको, दार नको, टीव्ही नको. वायर येते त्या पाइपातून वारा येतो, ते भोक पुट्टीनं बुजवायचं, नाहीतर खोली सोडून तो पाइपाचीच हवा मोजत बसतो. आणि कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्याचं माप खऱ्याशी जुळवायचं, तर कव्हर काढायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं. हात लावायचा नाही, त्याच्यासमोर श्वास सोडायचा नाही. थांबायचं. बाजूला आपला खरा थर्मामीटर लावायचा, तो काय म्हणतो ते बघायचं आणि मग स्क्रू एवढासाच फिरवायचा, जोवर व्हॉल्व्हची मोटर बरोबर मध्यावर येत नाही तोवर. घाईच्या माणसाचं हे काम नाही. मी घाईचीच, पण तिथं गेले की शांत होते, का ते माहीत नाही.

त्यात आता हे वय. पाळी जायच्या वेळचं ते, तुम्ही पुरुष माणूस, तरी सांगते, लिहा, काही लपवायचं नाही. मध्येच अंगातून वाफा निघतात, कान लाल, पाठ ओली. भर एसीत मी पंखा शोधते. ऑफिसातली पोरं हसतात, म्हणतात मावशी, तुमच्यासमोर थर्मोस्टॅट ठेवला तर बिल्डिंगचा बर्फ होईल. हसू देत. पण तेव्हापासून मी माझ्या अंगावर भरवसा ठेवत नाही, काचेतला पारा सांगेल तेच खरं.

माझी एकच लेक, प्राची. तिनं लालबागच्या मुलाशी लग्न केलं, स्वतःच्या पसंतीनं. आम्ही बौद्ध, ते कणकवलीकडचे, घरात देवदेवस्की सगळं कडक. मुलगा चांगला आहे हो, त्याच्याबद्दल शब्द नाही. पण विहीणबाई लग्नात माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. मीही मग मान तुकवली नाही. दोन वर्षं आमचं चाललं ते, कशा आहात, बऱ्या आहोत, चहा घेणार, नको आत्ताच घेतला.

आणि प्राची सातव्या महिन्यात बाळंत झाली. काय सांगू तुम्हाला, तळहाताएवढी पोर. परळला एक ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, नाव नका विचारू, तिथं. योग असा की तिथला एसी आमच्याच कंपनीकडं आणि जुन्या इमारतीतले थर्मोस्टॅट माझ्याकडं. आधी पोर काचेच्या पेटीत होती. मग जरा धरली तशी बाळंतिणींच्या खोलीत आणली. तिथं आयांनी बाळाला उघड्या छातीशी बांधून बसायचं असतं, आईच्याच उबेवर ते वाढतं, म्हणून ती खोली जरा कोमटच ठेवावी लागते, सत्तावीस-अठ्ठावीस. जास्त झालं तर पोरं घामेजतात, कमी झालं तर गार पडतात, आणि एवढंसं बाळ गार पडलं की दूध ओढत नाही, वजन खाली येतं.

आणि तीच खोली रोज दिवेलागणीला गार पडायला लागली.

सकाळी मी जायची, सगळं ठीक. थर्मामीटर लावला, सत्तावीस. मोटर मध्यावर. व्हॉल्व्ह बघितला, वायरी बघितल्या, भिंतीतलं भोक पुन्हा बुजवलं. संध्याकाळी परत सिस्टरचा फोन, ताई, आज पण गार झालंय. एकदा मी थर्मोस्टॅट दोन खुणा वर करून गेले, म्हटलं आता बघू, तर दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीची भट्टी झाली, पोरं लालबुंद, डॉक्टरीण माझ्यावर अशी चिडली की विचारू नका. परत खाली आणला. मी मोजते ते बरोबर, मग चुकतंय काय? मनात यायचं, बाई, तुझंच काहीतरी बिनसलंय, वाफा निघत असताना स्क्रू फिरवलास, डोकं ठिकाणावर नव्हतं. झोप लागेना. दुसऱ्या कुणाची खोली असती तर एक गोष्ट, इथं माझी नात होती.

संध्याकाळी जाऊन बघायचं ना, असं म्हणाल. तर संध्याकाळी भेटायला एकच माणूस सोडायचे, आणि ते माणूस म्हणजे विहीणबाई. मुलाची आई, त्यांचा मान पहिला. मी सकाळी कामाच्या निमित्तानं नातीला बघून घ्यायची, तेवढंच.

मग त्या संध्याकाळी प्राचीचाच फोन आला. रडत होती. आई, हिचे पाय गार पडलेत, दूध घेत नाहीये, डॉक्टर म्हणतात आज असंच राहिलं तर उद्या परत पेटीत ठेवणार. माझ्यापासून काढून नेतील गं. मी कॉटन ग्रीनला एका गोडाऊनमध्ये होते, तशीच टॅक्सी केली. गेटवर वॉचमन म्हणाला, पास एकच आहे, तो गेलाय वर. मी पिशवी वर केली, म्हटलं मी कामाला आलेय, नीट बघ, आजी म्हणून नाही आलेली. सोडलं त्यानं.

खोलीत गेले तर सगळ्या बायका गोधड्या पांघरून बसलेल्या. प्राचीनं पोरीचे पाय मुठीत धरलेले. विहीणबाई स्टुलावर, ओठ हलत होते, काहीतरी म्हणत होत्या. मी समोरच्या भिंतीला थर्मामीटर टांगला, थांबले, तेवीस. आणि थर्मोस्टॅटजवळ गेले, तो दाखवतोय एकोणतीस! म्हटलं हा काय प्रकार? तेवढ्यात माझ्या अंगातून वाफा निघायला लागल्या, घाम डोळ्यात, ह्या थंडीत. पुसला घाम, आणि त्याच्याखाली खाटेचा पडदा ओढलेला होता तो बाजूला केला.

थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली प्लग आहे. त्या प्लगला झिरोचा बल्ब, लाल, त्याला हळद-कुंकू लावलेलं, खाली दोन फुलं. पेटलेला. त्याची ऊब सरळ वर जाऊन त्या भोळ्याच्या अंगाला लागत होती. त्याला वाटत होतं खोली तापलीय, म्हणून तो बिचारा जीव तोडून थंडी सोडत होता. सकाळी बल्ब काढलेला असायचा, म्हणून मला कधी दिसला नाही.

मी हात पुढे केला तशा विहीणबाई ताडकन उठल्या. दिव्याक हात लावू नका हां. म्हणाल्या, पोरीची पाचवी झाली नाही, पाचवीच्या रात्री ती काचेत होती. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते, म्हणून दिवा जागता ठेवायचा असतो. तो ठेवला गेला नाही, हे त्यांच्या जिवाला लागून राहिलेलं. वॉर्डात तेलाचा दिवा चालत नाही, म्हणून सिस्टरला विचारून हा बल्ब, रोज संध्याकाळ ते सकाळ, पोर घरी येईपर्यंत. तसा नवस होता. तुमका आमचा ह्या पटाचा नाय, माका म्हायत आसा, पण नात माझी पण आसा. मध्येच विझलो आणि काय झाला तर?

माझ्या तोंडावर आलं होतं, तुमच्या दिव्यानंच पोर गार पडतेय. अगदी ओठावर. एका झटक्यात प्लग काढला असता मी. पण बाई दोन्ही हात पसरून दिव्याच्या आड उभ्या राहिल्या. आणि मनात आलं, देव न करो, म्हणजे आम्ही म्हणत नाही तसं, पण आलं, आज रात्री पोरीला काही झालं, तर ही बाई जन्मभर म्हणणार, तिनं दिवा विझवला. आणि प्राचीला त्याच घरात राहायचंय. सगळ्या बायका बघत होत्या. प्राची म्हणाली, आई, काहीतरी कर, पण भांडू नका.

मी पिशवी उघडली. आमच्याकडं टेस्ट लॅम्प असतो, होल्डरला बल्ब आणि दोन वायरी, सप्लाय आहे का बघायला. कळकट, ग्रीसनं माखलेला. मी त्याला प्लगटॉप जोडला, दाराकडच्या भिंतीला नेऊन लावला, पेटवला. म्हटलं विहीणबाई, हा आधी लागला बघा. आता दिवा विझत नाहीये, इकडून तिकडं जातोय. तो तिथं असला तर पोरीला थंडी वाजते, एवढंच मला कळतं, बाकी तुमचं तुम्हाला. तो तुम्हीच काढा, मी हात लावत नाही.

विहीणबाई दाराकडं गेल्या. मग पिशवीतून पुडी काढली, माझ्या त्या ग्रीसच्या होल्डरला हळद-कुंकू लावलं, हात जोडले. परत आल्या आणि डोळे मिटून स्वतःच्या हातानं प्लग ओढला.

मग थांबायचं होतं. हे सगळ्यात कठीण. मी सगळ्यांना भिंतीपासून लांब बसवलं, कुणी जवळ जायचं नाही, मीसुद्धा नाही. विहीणबाई म्हणाल्या, आता काय? म्हटलं, आता काही नाही, बसायचं. बसलो दोघी एका स्टुलावर, अर्ध्या अर्ध्या. थर्मोस्टॅट निवत गेला, वरच्या जाळीतली गार हवा कमी होत गेली, समोरचा पारा मात्र हलेना. मला वाटलं माझं काही चुकलं असेल तर? आणि विहीणबाईंनी माझा हात धरला. का धरला, माहीत नाही, भीतीनंच असेल. दोघींचे हात घामेजलेले. मग पारा चढला. चोवीस, मग जरा वेळानं पंचवीस. बायकांनी गोधड्या काढल्या. आणि प्राची एकदम म्हणाली, आई, ओढतेय, दूध ओढतेय ही! कुठल्या आईला म्हणाली कोण जाणे, दोघींनी एकदमच ओ दिली. रडले मी, लाज नाही वाटत सांगायला. पोर परत पेटीत गेली नाही.

आता दीड वर्षाची आहे, लालबागला. गुटगुटीत झालीय, अंगावर कपडा ठेवत नाही, ओरडते इतकी की खालच्या मजल्यावर कळतं. प्राची कामावर जाते, दिवसभर विहीणबाई सांभाळतात. त्या अजूनही म्हणतात, दिव्यानं वाचवली. म्हणू देत. मी कशाला खोडू? सिस्टरनं तो प्लग काढून टाकायला लावला, माझं काम झालं.

पण रोज संध्याकाळी मला विहीणबाईंचा फोन येतो. विहीणबाई, पोर निजली, पंखो दोनार ठेवू काय तीनार? अहो, मी इथं घोडपदेवला, खोली तिथं लालबागला. जवळ थर्मामीटर नाही, काही नाही, आणि माझ्या अंगाचं तर तुम्हाला सांगितलंच. मला काय कळणार? पण मी जरा थांबते, विचार केल्यासारखं करते आणि सांगते, दोनवर ठेवा. त्या म्हणतात, बरा, आणि ठेवतात. सुखात राहू दे पोर.