कारणात लिहिलं, माणसाची चूक

आमचं मूळ मालवणकडचं, पण जन्म माझा घाटकोपरचा. बाबा मिलमध्ये होते, मिल गेली मग एका सोसायटीत वॉचमन झाले, मला म्हणायचे, बाय, तू एसीत बसून काम कर, आणि मी बसले बघा, अंधेरीला, सर्व्हर सांभाळायच्या कंपनीत. आई विचारायची, म्हणजे तू नेमकं करतेस काय गं? काय सांगू तिला. दुसऱ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर आम्ही इथून, लांबून चालवतो, बंद पडू द्यायचे नाहीत, एवढंच. सगळं नीट चाललं तर आपण आहोत हे पण कोणाला माहीत नसतं.

प्रदीप माझ्या बाजूला बसायचा. सगळं शिकवलं त्यानंच. त्याची सवय अशी, काही बंद करून चालू करायचं असेल तर एंटर मारायच्या आधी हात उचलायचा, म्हणायचा, सुजाता, बघ गं एकदा. मी बघायचे, मशीन तेच आहे ना. माझ्या वेळी तो बघायचा. कितीदा ओरडलाय, अगं थांब, हे लाइव्ह आहे! लाइव्ह म्हणजे लोकांचं खरं चालू असलेलं, टेस्ट म्हणजे आमचं करून बघायचं. दोन्ही स्क्रीन काळ्याच, नावात एका अक्षराचा फरक.

मग माणसं कमी केली. मला दुसऱ्या मजल्यावर टाकलं, त्याच्या बाजूला कोणीच नाही, आणि तीन जणांचं काम त्याच्या एकट्यावर. मी गेले ना मॅनेजरकडे, म्हटलं सर, दोघांना एकत्र बसवा, निदान लाइव्हच्या स्क्रीनला वेगळा रंग तरी द्या. ते म्हणाले, चांगली सूचना आहे, बघू पुढे. पुढे काय बघणार?

त्या दिवशी दुपारी प्रदीपच्या कानाला हेडफोन, तिकडून एक क्लायंट ओरडतोय, आणि हा टेस्टचं मशीन बंद करायला गेला ते एका हॉस्पिटलचं लाइव्ह बंद केलं. वाट लागली. रिपोर्ट उघडेनात, काउंटरवर ही गर्दी. एक आजोबा ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी बसलेले, त्यांना परत घरी पाठवलं म्हणे. प्रदीपनं स्वतःच फोन करून सांगितलं, माझ्या हातून झालं. लपवलं असतं तर शोधत बसले असते, पण त्यानं सांगितलं म्हणून लवकर परत चालू झालं सगळं.

मीटिंगमध्ये कारण लिहिलं, ह्यूमन एरर. मी उभी राहिले, म्हटलं सर, तो एकटा होता, कोणाचीही चूक झाली असती. मॅनेजर म्हणाले, सुजाता, इमोशनल होऊ नकोस, क्लायंटला नाव द्यावं लागतं. दिलं नाव. काढला त्याला.

नंतर स्क्रीनला रंग आला हो. लाल. पण आमच्याकडं बहुतेक सगळं लाइव्हच, सगळ्याच स्क्रीन लाल, कोण बघतंय? आणि काही बंद करायच्या आधी दुसऱ्या माणसाची परवानगी घ्यायचा नियम आला, तो माणूस कुठल्या तरी दुसऱ्या शहरात, आम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही. विचारलं की न बघताच ओके करतो. त्याच्यापुढं पण ढीग असणार, त्याला तरी काय बोलू.

प्रदीप आता सांताक्रूझला कुरियरच्या ऑफिसात आहे. इंटरव्ह्यूला खरं सांगायचा, का काढलं ते, मग फोनच यायचा नाही. मी म्हटलं, अरे, खोटं सांग ना. म्हणाला, नको यार, कंटाळा आला.

आणि मला काय केलं माहितीये? चुका होऊ नयेत म्हणून इनचार्ज. पोस्टर लावते, सावध राहा म्हणून शिकवते.

गेल्या महिन्यात परत झालं, रूपाली म्हणून मुलगी आहे, मुलुंडची, तिच्या हातून. रिपोर्ट मलाच लिहायचा होता. मी कारण लिहिलं, एका माणसाला तिघांचं काम दिलं. वरून बदलून आला, ह्यूमन एरर. तिलाही काढलं. आज शेवटच्या दिवशी रूपाली माझ्याजवळ येऊन रडली, म्हणाली, ताई, मी एवढी बेफिकीर आहे का हो? म्हटलं, नाही गं बाळा, जिथं जाशील तिथं सुखी राहा. अजून काय देणार तिला मी?

उद्यापासून तिचं काम पण माझ्याकडेच आहे.