खुर्चीवरचं झाकण

—अहो ताई, झाकणावर नका बसू! थांबा, उचलते. हं, बसा आता. विसरून नाही गेलं कोणी, मुद्दाम ठेवलंय — सासूबाईंच्या चहाच्या भांड्याचं आहे. खुर्चीवर झाकण ठेवलं की ‘येतेच, जागा माझी’ — मग सबंध चेंगदूत कोणाची टाप नाही त्या खुर्चीला हात लावायची. पण तुम्ही बसा हो. आमच्या मान्थौला तळ्यातल्या होड्या दाखवायला गेल्यात त्या, येतील इतक्यात. मान्थौ म्हणजे माझी मुलगी, आठ महिन्यांची — वाफवलेल्या पावासारखी पांढरी न् गुबगुबीत जन्मली म्हणून मान्थौ, खरं नाव शाळेत जाईल तेव्हा बघू. तुम्ही उत्तरेकडच्या ना? बोलण्यावरून कळतं. हार्बिन? अगं बाई! तिथे म्हणे पापण्यांवर बर्फ धरतं — मग तान्ह्या बाळांना बाहेर नेतात का हो तिकडे? कपडे किती घालतात? जाऊ दे, तुम्ही जेवायचं विचारत होता.

तर बागेच्या मागच्या दाराने बाहेर पडा, डावीकडच्या बोळात शिरा. पाटी-बिटी काही नाही, पण आवाज येईल — चिकट भाताचे गोळे ढोलासारख्या फळीवर आपटतात, धाड्धाड् करत ते तिळाच्या पिठात जाऊन पडतात, वर गुळाचा पाक. ते खा आधी, पोटाला आधार होतो. मग संध्याकाळी नदीकाठी रश्श्याची कढई. तिखट किती खाता? खरं सांगा, इथे येऊन सगळे खोटं बोलतात. तिखटाचं एक वेळ ठीक आहे, पण तिरफळं जीभ अशी बधिर करतात की स्वतःचं नाव सांगताना अडखळाल — मधे आडवी पट्टी असलेली कढई मागा, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला पांढरा रस्सा. वेटर हसेल, हसू दे. मीसुद्धा तीच मागवते हल्ली. मी, इथे जन्मलेली! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आईने तिखट खाल्लं तरी दुधाला काही होत नाही, पण ‘काही होत नाही’ म्हणताना त्यांनी जरा वर बघितलं ना — झालं. मी रसायनशास्त्र शिकवते शाळेत, ताई. मुलांना सांगते, पुरावा असल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि घरी येऊन एका बाईने वर बघितलं म्हणून सहा महिने पांढरा रस्सा.

आणि त्या झाडांखाली छत्र्या उघडून ठेवल्यात ना, प्रत्येक छत्रीवर कागद — तिकडे एकट्या फिरकू नका. आपापल्या मुलांची लग्नं जुळवायला बसलेल्या आया आहेत त्या. चहाला म्हणून आलात आणि कोणाची तरी सून होऊन बाहेर पडाल. हसू नका, सासूबाईंनी मला तिथेच हेरलं. मी नुसती वाट विचारायला थांबले होते.

कान? हो, चिमटा टिण्णकन वाजवत फिरतोय तो कान कोरणाराच. करून घ्या, फार सुख असतं म्हणे. मी नाही — डोळे मिटावे लागतात त्यात. डोळे मिटले आणि तेवढ्यात त्या आल्या तर? आल्या तर येतील, मान्य. पण होड्या बघायला एवढा वेळ? मी फोन करत नाहीये, ताई. नुसता हातात धरलाय. सासूबाई म्हणाल्या, ‘युछ्योंग, एक चहा निवांत पी, पोरीला मी काही तळ्यात टाकत नाही.’ तळ्यात! बाकी सगळे शब्द सोडून तोच सापडला त्यांना.

खरं सांगू? सराव चाललाय माझा, पोरीशिवाय राहायचा. सोमवारपासून शाळा सुरू, आणि रविवारी सासूबाई मान्थौला घेऊन झिगोंगला जाणार, त्यांच्या घरी. सगळेच असं करतात हो. माझ्या शेजारणीचा मुलगा आजीकडेच वाढला, आता दणदणीत आहे, फक्त आईला बघून आजीच्या मागे लपतो. मला म्हणायचंय की आई, तुम्हीच इथे राहा. एवढं एकच वाक्य. सकाळपासून तोंडात घोळतंय, आणि दर वेळी बाहेर काय पडतं? ‘आई, बाटली उकळली का?’ कसं म्हणू? तिकडे त्यांचा माहजोंगचा अड्डा आहे, मैत्रिणी आहेत, अंगणात मिरच्या वाळत घालायला जागा आहे. इथे आमची बाल्कनी म्हणजे एका माणसाने वाकायचं ठरवलं तर दुसऱ्याने घरात जावं. आणि वर मी! परवा म्हटलं, बाळासमोर सशाचं मुंडकं नका खाऊ, घाबरेल ती. झिगोंगच्या बाईला, जिथे ससा म्हणजे जीव की प्राण! मुंडकं ताटात ठेवून उठून गेल्या बिचाऱ्या. मान्थौ त्या ताटाकडे झेप घेत होती, ते वेगळंच.

बघा, चहाचं राहूनच गेलं. इथे हाका मारायच्या नसतात, झाकणच बोलतं. पाणी हवं असलं की झाकण बशीला असं तिरकं टेकवायचं — माझं भांडं भरलेलं आहे, सासूबाईंच्या भांड्यावर दाखवते, त्यांचं झाकण हातातच आहे — असं. की काका लांब चोचीची किटली घेऊन हजर. आणि आटोपलं, आता आम्ही निघालो, भांडं उचला, असं असेल तर झाकण उलटं करून असं आत ठेवायचं. सोपं आहे ना? — ती बघा, निळी टोपी! नाही, ते दुसरंच बाळ. आमची टोपी गडद आहे जरा — हो काका, घ्या, घ्या — आणि टोपी घातली की नाही देव जाणे, सासूबाई म्हणतात डोक्याला वारा हवा. तर काय सांगत होते? कढई. रांग लागते, लवकर जा.

अहो ताई, इथलं भांडं कुठे गेलं?

काकांनी... मी ‘घ्या’ म्हटलं? मला वाटलं शेंगदाण्याची टरफलं न्यायला आलेत! अगं आई गं, उलटं झाकण मीच आत ठेवलं — तुम्हाला दाखवायला — आणि आता त्या येणार आणि बघणार काय, तर सुनेने आपला चहा उचलायला लावलाय आणि खुर्चीवर दुसरीच बाई. याचा अर्थ इथलं शेंबडं पोरही सांगेल. ‘तुमचं झालं, या आता.’ मी आयुष्यात एवढं स्पष्ट कोणाला काही बोलले नाही! काका! अहो काका! गेले. धुतलंही असेल.

आल्या. ती बघा, टोपी हातात, आणि मान्थौच्या तोंडात — ते काय आहे तोंडात? थांबल्या. टेबलाकडे बघतायत.

आई, नाही, ऐका ना — मी नाही उचलायला लावलं. म्हणजे मीच, पण तसं नाही. या ताईंना दाखवत होते... हार्बिनच्या आहेत त्या... आई, तुमचा चहा झालेला नाहीये. जाऊ नका. बागेतून नाही हो, झिगोंगला जाऊ नका. इथेच राहा आमच्याकडे. मिरच्या बाल्कनीत वाळत घाला, मी वाकणार नाही. मुंडकीसुद्धा खा, हवं तर मान्थौला चाटवा — नको, चाटवू नका, पण खा. अड्डा इथेही जमेल, वरच्या मजल्यावरच्या बाईंना माहजोंगच्या डावाला चौथी कोणी मिळतच नाही, मी विचारून ठेवलंय. खरंच. कधीचंच.

खुर्चीकडे येतायत. ताई, उठता का जरा? नाही, तुमची चूक काही नाही, पण खुर्ची त्यांची आहे. हं, बसल्या. मान्थौला माझ्याकडे दिलं — ई, बिस्किट आहे वाटतं, असू दे. माझंच भांडं ओढून घेतलं. प्यायल्या. सगळं प्यायल्या. आता झाकण —

तिरकं! बशीला टेकवलं, बघितलंत? काका, पाणी! इकडे, इकडे, काका! आणि ताई, तुम्ही अजून इथेच? जा हो, कढईची रांग वाढेल.