धुळीचं माहेरघर

…नाही, मला एक सांगा, श्वास घ्यायला काय शिकवावं लागतं? पोरगी धापा टाकतेय, घशातून शिट्टी वाजतेय, आणि आमचे छातीचे डॉक्टर म्हणतात, "तपासण्या चांगल्या आहेत, दमा वाटत नाही. संपदा मॅडमना दाखवा." गेलो. दारावरची पाटी वाचली, तर… मानसतज्ज्ञ! अहो, आमची रिद्धी चौथीतली पोर, तिला कसलं आलंय मन?

तुम्हाला सांगतो, मी करायचं काय ठेवलं होतं? हिची आई गेली आणि महिन्याभरात हे सुरू झालं. शेजारच्या चंद्रकांता वहिनी म्हणाल्या, "भावजी, सातिवलीच्या कारखान्यांची धूळ हो ती! कापडात बसते!" लगेच पडदे काढले. धाप वाढली. मोगऱ्याच्या कुंड्या देऊन टाकल्या. वाढली! साड्या नालासोपाऱ्याला, माझ्या बहिणीकडे. आणखी वाढली! शेवटी हिच्या आईने शिवलेली गोधडी, म्हणजे धुळीचं माहेरघरच, प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकली. त्या दिवशी तर दम्याचा पंप मारून मारून माझा अंगठा दुखला, पोरीला ढिम्म फरक नाही.

आणि या मॅडम काय देतात? गोळी नाही, सुई नाही… गप्पा! "झोपेत धाप लागते का?" नाही. "खो-खो खेळताना?" नाही. "मग कधी?" अहो, हे तुम्ही सांगायचं की मी? मग पोरीकडे वळल्या, "घरातून काय काय गेलं गं?"

रिद्धी बोटांवर मोजायला लागली, "आईचे पडदे. आईचा मोगरा. आईच्या साड्या. आईची गोधडी."

"रडलीस?"

"पप्पा म्हणतात, रडल्यावर धाप वाढते. म्हणून मी इथे धरून ठेवते." बोट गळ्यावर.

मॅडम मला म्हणाल्या, "छाती ठणठणीत आहे. घशातलं दार मिटतंय." आणि उपाय काय, तर नाकातून श्वास घ्यायचा, गरम पेज फुंकतो तसा सोडायचा. यासाठी एवढं शिकल्या! पेज आमची आजी फुकट फुंकायची!

घरी आलो, गोधडी खाली काढली. धूळ बघायला हो, दुसरं काय! गाठ सोडली आणि… हिच्या आईचा वास. घशात असं काही अडकलं, की हवा आत जाईना, बाहेर येईना. तर ही चिमुरडी माझ्या पाठीवर हात ठेवून, हुबेहूब मॅडमच्या आवाजात, "पप्पा, नाकातून. हं… आता पेज फुंका."

श्वास घ्यायला काय शिकवावं लागतं? …लागतं म्हणे. रिद्धीचं शिकून झालं. येत्या गुरुवारी मॅडमनी एकट्या मला बोलावलंय.