दादाची व्हॅन आणि आईची झोप

दादाच्या जुन्या कॅम्पर व्हॅनचं तुम्हाला सांगितलंच नाही, नाही का? तिचं मूळ इंजिन नुंगंबाक्कमजवळचा उड्डाणपूल चढतानाही धापा टाकायचं. दोन वर्षं खपून दादानं पत्रा बदलला, आत पलंग बसवला आणि शेवटी दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं.

पहिल्याच रविवारी पहाटे म्हणाला, "आज समुद्राच्या रस्त्यावर शंभरनं पळवतो, बघच तू!"

आईही आली. बाबा गेल्यापासून तिला धड झोप नव्हती, गोळ्यांनीसुद्धा. ती मागे पलंगावर, खिडकीशी आडवी झाली.

शहराच्या टोकाचं तिरुवान्मियूर सुटलं, रस्ता मोकळा झाला. दादा वेग वाढवणार, एवढ्यात मी मागे पाहिलं.

"दादा, आई झोपलीय."

त्यानं अलगद पाय उचलला. मग तिसाच्या वर आम्ही गेलोच नाही. डावीकडे समुद्र हळूहळू उजळत होता, सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. महाबलिपुरम गेलं, पण दादा चहालाही थांबला नाही.

पुदुच्चेरीत सिग्नल लागला तेव्हा आईनं डोळे उघडले.

"का रे थांबलास? चालव की अजून थोडी."

दादा डोळे पुसत म्हणाला, "डिझेल भरतो, आई. कन्याकुमारीपर्यंत झोप."