फियाट आणि अंगठा

वडिलांच्या गाडीचा नंबर कधी लागणार, हे विचारायला सुमेधा नगरच्या मोटारीच्या शोरूममध्ये बाकावर बसली होती. शेजारी देवळाली प्रवऱ्याचे फेटेवाले म्हातारे आणि त्यांचा सुप्याचा जावई. कारकून कागद अन् स्टँपपॅड पुढ्यात ठेवून गेला, तसा म्हाताऱ्यांनी डावा हात बंडीच्या खिशात घातला.

“मामा, अंगठा उमटवा की. गाडी दारात हुबी हाय.”

“छबूला माहेरी कवा धाडताय, जावईबापू?”

“आता हितं कुठं तो विषय?”

“लग्नात फियाट कबूल केली, लगेच नंबर लावला. तुमी म्हनला, गाडी आली की धाडतो. सहा वर्सं झाली. पोरीची वाट बघत तिची आई गेली.”

“दिवाळीला धाडतो.”

“आज धाडा.”

“मामा, लोक ऐकत्यात.”

सुमेधाने हातातला कागद उगाच उलटा केला.

“ऐकू द्या. नंबर माज्या नावाचा हाय. माज्या अंगठ्याबिगर गाडी हलत न्हाई.”

“पाचला बंद करत्यात हे!”

“आता कुठं बारा वाजल्यात. सुप्याहून यष्टीला तास लागतो. तिथल्या पोस्टात फोन लावा.”

जावई उठला, फोनच्या टेबलापर्यंत गेला आणि परत आला.

“बरं, बोलावतो. आपल्याच गाडीतनं सोडतो दोघांना देवळालीला.”

“नगं. गाडी तुमची, तुमी न्या सुप्याला. आमी बापलेक यष्टीनं जाऊ.”

“आन् तिला परत न्यायला कवा येऊ?”

“निरोपात येवढं सांगा, येताना सगळी लुगडी घिऊन ये म्हनावं.”