दोन बिटांचा मानपान

ताई : दवाखान्याचे फोन सकाळपासून मुके, आणि माझा नवरा अन् माझा भाऊ हाताची घडी घालून उभे! दोन कंपन्या एक झाल्या, तुमची यंत्रं जोडली, तरी दिवा लालच का?

दाजी : तुझ्या भावाला विचार. त्याचं ते सोनेट पद्धतीचं यंत्र, आडमुठं.

धाकटा : ताई, दाजींना सांग, त्यांच्या एसडीएचचं बारसं व्हायच्या आधीपासून आमचं सोनेट आहे.

ताई : मी इथली साहेब आहे, तुमची निरोपी नव्हे. फरक काय, तेवढं बोला.

दाजी : ढीगभर फोन एकत्र बांधून काचेच्या एका तारेतून धाडायचे. मी एक मोठा डबा भरतो. हा तीन डब्या एकत्र बांधतो.

ताई : मग याचा वेग कमी?

धाकटा : छे. तोच. सेकंदाला एकशे पंचावन्न मेगाबिट.

ताई : म्हणजे इतकी वर्षं जेवताना तोंडं फिरवून बसलात, ती एकाच वेगापायी?

दाजी : नावं वेगळी आहेत ना.

ताई : धन्य! मग अडलंय कुठे?

धाकटा : दोन बिटांवर. डब्यावरच्या खुणेत आम्ही शून्य-शून्य लिहितो, हे एक-शून्य. खुणा जुळल्या तरच डबा पुढे जातो. एकानं बदललं की झालं.

ताई : मग बदला!

दाजी : मी थोरला.

धाकटा : मी आधीचा.

ताई : तिकडे एखादी बाळंतीण अडली असेल. तिला सांगते, थांब बाई, इथे मानपान चाललाय. वर बोलून येते. तोवर दिवा हिरवा झाला नाही, तर दोघंही घरी. नातं गेलं चुलीत!

(ती जाते. दोघे पाठीला पाठ लावून आपापल्या यंत्राशी खुडबुडतात. ती परत येते.)

ताई : अजून लाल!

धाकटा : कसं शक्य आहे? मी तर गुपचूप एक-शून्य केलं.

दाजी : तू कशाला केलंस? मी शून्य-शून्य केलं होतं!

ताई : वा रे शहाणे! ताठलात तेही एकदम, वाकलात तेही एकदम.

दाजी : राहू दे तुझं तसंच. मी माझं पहिल्यासारखं करतो... हं.

धाकटा : हिरवा!

ताई : सुटले एकदाचे पेशंट. आणि ऐका, वरून निरोप आहे. नवी यंत्रं येतायत. ही भंगारात.

दाजी : कुठली?

ताई : दोन्ही. टेम्पो किती सांगू? एक की दोन?

धाकटा : एकच सांग. काय हो दाजी?

दाजी : एकच. वाटेत सोबत होईल.