मापाचा गोळा

मेहकरच्या मोटारीची वाट पाहत मनकर्णाबाई उभी होती. मागे क्लबातला कारकून इंद्रभान बायकोशी बोलत होता. तिने मान वळवली नाही, पण कान तिकडेच होते.

"गोळा घरंगळून लाकडाच्या खुंट्या पाडाचा क्लबातला खेळ, अन् त्याले घरचा गोळा? साहेब तर तुमाले गडी कमी पडला तवाच बलावते!"

"क्लबातल्या गोळ्याच्या भोकाईत माही बोटं खुळखुळते वं. तू कासाराकडं दुसरीच्या मापाच्या बांगड्या भरते का?"

"म्हून सुताराले बोटं मोजून देल्ली?"

"हाव. अन् काल एकाच फेकीत नऊच्या नऊ खुंट्या आडव्या!"

"अगं माय! साहेब काय म्हणे?"

"म्हणे, दे मले तो गोळा."

"देल्ला?"

"देल्ला ना! त्याची बोटंच आत जाईनात."